एकट्या माणसाला जमेल असं यंत्र

"एकट्या माणसाला जमंल का हे चालवायला?" हिंदुरावनं विचारलं.

पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या त्या दुकानाचे मालक मेहेंदळे यांनी चष्म्यावरून आधी त्याच्या फेट्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. फेटा बांधून रेकॉर्डर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक बहुधा त्यांच्याकडे पहिल्यांदाच आलं होतं.

"काय रेकॉर्ड करायचंय?"

"पोवाडा."

"मग यंत्र कशाला हवं? पोवाडा तसाही पुढच्या गावाला ऐकू जातो."

हिंदुराव मोठ्यानं हसला. त्याच्या आवाजाची कुणी तक्रार केली तरी त्याला ती स्तुतीच वाटायची. शाहिराला हा गुण लागतो.

गोष्ट कॅसेटच्या जमान्यातली आहे. हिंदुराव खराडे आमच्या विट्याचा शाहीर, आणि मी त्याचा झीलकरी. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. कॉलेजात गॅदरिंगला त्याच्या मागे जो उभा राहिलो, तो तिथून हललोच नाही. पोटासाठी मी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपालाची नोकरी करायचो.

झील म्हणजे काय हे हल्ली सांगावं लागतं. शाहीर पुढे उभा राहून ओळ टाकतो. मागचे दोघं-तिघं त्या ओळीचं शेपूट उचलतात आणि 'जी जी रं जी' करत वर फेकतात. लोकांना वाटतं, ही शोभा आहे. खरं म्हणजे तेवढ्या वेळात शाहीर श्वास घेतो, घाम पुसतो आणि पुढची ओळ आठवतो. नाहीच आठवली, तर डफ डाव्या खांद्याकडे कलता करतो. मग आम्ही तेच शेपूट पुन्हा फिरवायचं, आठवेपर्यंत. हिंदुराव त्याच्या गाजलेल्या बेचाळीसच्या पोवाड्यात दर वेळी चौथ्या चौकाला, म्हणजे चौथ्या भागाला, अडायचा. पोवाडा त्यानं स्वतःच लिहिलेला होता. तो अडला की आम्ही फिरवायचो, लोक टाळ्या वाजवायचे, आणि वर्तमानपत्रात छापून यायचं की चौथ्या चौकात शाहिरांनी बहार आणली.

आता त्याला कॅसेट काढायची होती. सांगलीच्या स्टुडिओचा दर ऐकून तो म्हणाला, "घरीच काढू." घरी काढायची तर यंत्र कोणतं घ्यायचं? वाचायचं काम निघालं की ते माझ्याकडे यायचं, तसं हेही आलं. वाचनालयात येणारी इंग्रजी मासिकं चाळून मी मत बनवलं: चार ट्रॅकचं, साधं, कॅसेटवर चालणारं. घरच्या डेकसमोर सगळे एकदम गायले, की एकाच्या चुकीपायी सगळ्यांना पुन्हा गावं लागतं. चार ट्रॅकवर ज्याचा त्याचा आवाज वेगळा राहतो. ज्याचं चुकलं, त्याचंच पुसायचं. हे वाक्य मला फार आवडलं होतं. दुकानात मी ते पुन्हा म्हटलं.

"अगदी बरोबर," मेहेंदळे म्हणाले. "बाकीच्यांना धक्का न लावता एकाला पुसता येतं."

मी मान हलवली.

त्यांनी आधी आठ ट्रॅकच्या यंत्रावरचं फडकं काढलं. त्यावरची बटणं बघून हिंदुराव मागे सरकला. "हे इमान उडवायचं नगं."

"मग हे घ्या." दुसरं यंत्र ब्रीफकेसएवढं होतं. वर-खाली सरकणारी चार बटणं, एक लाल कळ आणि कॅसेटची खिडकी. मेहेंदळ्यांनी माईक तोंडाशी धरला आणि कंटाळलेल्या आवाजात म्हणाले, "दुकान बंद आहे." टेप मागे नेली, हेडफोन लावले, दुसऱ्या ट्रॅकवर म्हणाले, "मग तू कोण?" आणि दोन्ही एकत्र ऐकवलं. दोन मेहेंदळे एकमेकांवर खेकसत होते.

"दोघंबी तुम्हीच?"

"मीच."

"आनि तिसरा? चौथा?"

"चारही मीच होऊ शकतो. घरी एक आहे, तोच जास्त होतो."

या वेळी हिंदुराव हसला नाही. त्यानं हेडफोन मागून घेतले आणि ते कानावर बसावेत म्हणून फेटा काढून काउंटरवर ठेवला. परक्या माणसापुढे फेटा काढताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. ते दोन मेहेंदळे त्यानं पुन्हा पुन्हा ऐकले.

"आनि हे एकट्याला जमंल?"

"सांगितलं ना. दुसरा असला तर उलट अडचण होते."

"मग बांधा."

परतीच्या एस.टी.त यंत्र त्याच्या मांडीवर होतं. शिरवळला गाडी थांबली तेव्हा त्यानं न मागता भजी आणली, चहाही आणला. हे त्याच्या स्वभावात बसत नव्हतं. मी भजीकडे जरा संशयानंच पाहिलं.

"सदा," तो म्हणाला, "माझ्यापायी लई दगदग होती रं तुझी."

"कसली दगदग?"

"वाचनालय सुटलं की पळत येतोस. रात-रात फिरतोस. वयनी काय म्हनत न्हाई?"

"म्हणते."

"म्हनत आसंलच." त्यानं यंत्रावरून हात फिरवला. "मानसानं घरचंबी बघाया पायजे."

एवढ्या वर्षांत त्यानं माझ्या घरचं कधी बघितलं नव्हतं. माझ्या लग्नाच्या दिवशी त्यानं आटपाडीचा कार्यक्रम घेतला होता, आणि अक्षता पडल्यावर मी मुंडावळ्या सोडून आटपाडीला गेलो होतो. मला भरून आलं. भजी गार झाली होती, तरी गोड लागली.

यंत्राबरोबरची पुस्तिका इंग्रजीत होती. मी ती मराठीत उतरवून काढली, मोठ्या अक्षरात, अगदी सोपी करून, हिंदुरावला कुणाला विचारावं लागू नये अशी. 'तीन ट्रॅक वाजत असताना चौथा भरता येतो', 'आवाज नको असेल तर त्या ट्रॅकचं बटण खाली ओढावं', असं सगळं. चार बटणांखाली कागदाच्या चिठ्ठ्याही चिकटवल्या: शाहीर, तुणतुणं, सदा, तात्या.

तात्या म्हणजे किसनतात्या लोहार, दुसरे झीलकरी. आमच्यापेक्षा वयानं मोठे. तुणतुणं त्यांच्याकडेच असायचं.

हिंदुरावच्या घरी धान्याच्या खोलीत भिंतींना वाकळा लावून स्टुडिओ तयार झाला. पहिल्या दिवशी तात्यांनी तुणतुणं वाजवून दिलं. पोवाडा अख्खा, एका दमात. मधे एकदा वहिनींच्या कुकरची शिट्टी झाली, म्हणून पुन्हा वाजवलं. मग आमची झील सुरू झाली.

"सदा, थांब. परत म्हन." हिंदुराव माझ्या तोंडाजवळ कान घेऊन आला. "'जी'वर चढताना तू नाकातनं जातोस का गळ्यातनं?"

"कधी बघितलं नाही."

"मग आता बघ."

मी म्हटलं. त्यानं आणखी म्हणायला लावलं. तात्यांनाही तसंच. तात्या वैतागले, "आरं, घोड्याचं दात बघतोस का काय?"

मला मात्र बरं वाटत होतं. यंत्र आलं आणि कलेत बारकाई आली, असं मी घरी येऊन बायकोला सांगितलं. तिनं भांडी घासता घासता ऐकून घेतलं.

पुढची बैठक लांबली. वहिनींच्या माहेरची माणसं आली होती. मग वीज नव्हती. मग हिंदुरावचा घसा बसला. "घाई काय हाय?" तो म्हणायचा. "तू घरचं बघ."

एका संध्याकाळी वाचनालय बंद करून खराड्यांच्या गल्लीतून चाललो होतो. झील कानावर आली. दोन आवाजांची. मी जागच्या जागी थांबलो. बाहेरची माणसं आणली होती तर! तालुक्यातले सगळे झीलकरी डोळ्यापुढून गेले. त्यातला एक आवाज ओळखीचा वाटत होता, पण कुणाचा ते ध्यानात येईना. धान्याच्या खोलीचं दार लोटलं.

आत हिंदुराव एकटाच होता. यंत्रातला एक आवाज स्पीकरवर लावून, डोळे मिटून, ज्वारीच्या पोत्यांकडे तोंड करून 'जी जी' करत होता. आणि तो ओळखीचा आवाज माझा होता. म्हणजे, हिंदुरावनं काढलेला माझा.

"ये, ये!" मला बघून त्याला खरोखरच आनंद झाला. "बरा आलास. ऐक." त्यानं टेप मागे नेऊन वाजवली. "तस्सा निघालाय का न्हाई? तू नाकातनंच चढतोस. ते घावायलाच लई दिस गेलं."

"चांगला निघालाय," मी म्हणालो. निघाला होताच.

"आनि ह्यो तात्या. तात्याचं सोपं हाय, खोकला आल्यागत करायचं."

"मग आम्ही?"

"तुम्ही हायसाच की!" त्यानं यंत्राकडे बोट केलं. माझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या तिथंच होत्या. सदा. तात्या. "नावं काडली न्हाईत मी. कुनीबी म्हनलं काड, तरी काडायचा न्हाई."

"आणि कार्यक्रमाला?"

"हेच. टेबलावर ठिवायचं, कळ दाबायची, डफ घ्यायचा, हुभं ऱ्हायचं. गाडीभाडं न्हाई, जेवान न्हाई, तात्याची बिडी न्हाई. तुझीबी दगदग सुटली." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाला, "तूच म्हनलास न्हवं, बाकीच्यांना धक्का लागत न्हाई म्हनून?"

"ते मेहेंदळे म्हणाले."

"तू मान हलवलीस."

वहिनी चहा घेऊन आल्या. मी तो प्यालो. चहात साखर जास्त होती. दुःखाच्या घरी करतात तसा झाला होता.

दुसऱ्या दिवशी तात्यांच्या भट्टीवर गेलो. ते विळ्याला पाणी देत होते. सगळं ऐकून घेतलं.

"खोकल्यागत?"

"असं म्हणाला."

तात्या एकदा खोकले. स्वतःच लक्ष देऊन ऐकलं. "आसंलबी," म्हणाले. मग विळा पाण्यात बुडवला. "जित्तेपनी माझं सोंग आलं म्हनायचं."

"जाऊन भांडायचं का?"

"कुनाशी? त्याच्याशी का माझ्याशी? आता दोनीबी त्योच हाय."

नऊ ऑगस्टला क्रांतिदिन होता. मार्केट यार्डाच्या सभागृहात स्वातंत्र्यसैनिकांचा सत्कार आणि त्यानंतर बेचाळीसचा पोवाडा. हिंदुरावनं मला निमंत्रणपत्रिका पाठवली, नाव घालून, 'सप्रेम'. पहिल्या रांगेत खुर्ची होती. इतकी वर्षं मी हिंदुरावची पाठच पाहिली होती. तो समोरून कसा दिसतो, हे त्या दिवशी कळलं. तोंड फार उघडत होता.

यंत्र टेबलावर, हार घातलेलं. तीन ट्रॅक भरलेले होते: तात्यांचं तुणतुणं, हिंदुरावचा सदा, हिंदुरावचा तात्या. ते कर्ण्यांतून वाजणार होते आणि कोऱ्या राहिलेल्या पहिल्या ट्रॅकवर हिंदुरावचा त्या दिवशीचा आवाज भरला जाणार होता. मी उतरवून दिलेल्या मराठीप्रमाणे सगळं बरोबर केलं होतं. कॅसेट 'प्रत्यक्ष कार्यक्रमातली' म्हणून निघणार होती.

पहिला चौक चांगला झाला. हिंदुराव ओळ टाकायचा, कर्ण्यातून झील यायची. लोक इकडे-तिकडे बघत होते. आवाज दोघांचा, माणूस एक. माझ्यामागे कुणीतरी म्हणालं, "शाहिरानं भूत पाळलंय." दुसरा आणि तिसराही पार पडला.

चौथ्या चौकाला तो अडला.

पहिली ओळ गेली. कर्ण्यातून मी आणि तात्या आलो, वेळेवर, 'जी जी रं जी' केलं आणि वेळेवर थांबलो. आता शाहिराची पाळी. हिंदुरावनं तोंड उघडलं. काही आलं नाही. तुणतुणं चाललं होतं. यंत्राला कळत नव्हतं की थांबायचं आहे, फिरवायचं आहे. त्याला कळ असते, कळत काही नसतं. हिंदुरावच्या कपाळावर घाम दिसला. आणि त्याचा डफ हळूच डाव्या खांद्याकडे कलला.

ते त्यानं कुणासाठी केलं, मला माहीत नाही. मागे कुणी नव्हतं.

मी उभा राहिलो. ठरवून नाही, ठेच लागली की हात पुढे जातो तसा. पहिल्या रांगेतून, त्याच्या माईकपासून चार हातांवर, मी त्या ओळीचं शेपूट उचललं आणि फिरवलं. एकदा, पुन्हा. आवाज असा लागला, जसा आयुष्यात कधी लागला नव्हता. सभागृहातून टाळ्या आल्या. छातीला बिल्ला लावलेला एक स्वयंसेवक वाकून धावत आला.

"काका, खाली बसा! रेकॉर्डिंग चालू आहे."

हिंदुरावला ओळ आठवली होती. टेप पुढे गेली होती, म्हणून मधल्या ओळी गाळून त्यानं यंत्राची झील गाठली आणि पोवाडा पुरा केला. मी खाली बसलो. कार्यक्रमानंतर त्याच्याभोवती गर्दी होती. मी घरी आलो.

त्याच आठवड्यात वाचनालयात फोन आला.

"सदा, तुझा आवाज आलाय रं."

"कुठं?"

"टेपवर. चौथ्या चौकाला. माझ्या ट्रॅकमदी घुसलायस तू."

त्या दिवसानंतर तो पहिल्यांदाच बोलत होता. मला वाटलं, यापुढे तो काहीतरी म्हणेल. मी वाट पाहिली.

"त्यो काडता येतो का?" तो म्हणाला. "पुस्तकात काय लिवलंय, बघ की."

पुस्तक बघायची गरज नव्हती. "येतो," मी म्हणालो. "पहिल्या ट्रॅकचं बटण तेवढ्यापुरतं खाली ओढ."

"थांब. ऱ्हा तसाच."

त्यानं रिसीव्हर यंत्राजवळ ठेवला. मला सगळं ऐकू येत होतं. ओळ गेली, झील झाली. मग मी सुरू झालो, आणि एकदम बंद पडलो. त्यानं बटण ओढलं होतं. नुसतं तुणतुणं उरलं. टुंग टुंग टुंग टुंग. ते खूप वेळ चाललं. वाचनालयात एका म्हाताऱ्यानं वर्तमानपत्राचं पान उलटलं, ते मला मोठ्यानं ऐकू आलं.

"आरं, हे काय झालं?" हिंदुराव फोनवर आला.

"काही नाही. माझा आवाज गेला."

"मग हितं गप कोन हाय?"

"तू."

पलीकडे टेप चालूच होती.

"मग आता?"

"मग परत वर ओढ."

त्यानं फोन ठेवला. 'ठेवतो' म्हणाला नाही.

कॅसेट दिवाळीला निघाली. वर हिंदुरावचा फेट्यातला फोटो, खाली लिहिलेलं: 'स्वर व झील: शाहीर हिंदुराव खराडे'. तात्यांच्या तुणतुण्याला जागा पुरली नसावी. आमच्या बायकोनं बाजारातून ती आणली. चौथा चौक आला तेव्हा ती निवडायचं ताट हातात घेऊन थांबली आणि म्हणाली, "काही म्हणा, इथं भाऊजींचा आवाज काय लागलाय!" तिचाही दोष नव्हता. हिंदुरावनं माझा आवाज इतका हुबेहूब काढला होता, की जिथं माझा खराच आला, तिथं तोही त्याचाच वाटत होता.

कॅसेट खूप चालली. हिंदुरावला जिल्ह्याचा पुरस्कार मिळाला, मग मंडळांवर घेतलं, मग नाट्यगृहाच्या पायरीवर त्याचं नाव लागलं. आम्ही रस्त्यात भेटायचो, तब्येतीची चौकशी करायचो. पोवाडा तो पुन्हा कुठं गायला नाही. बोलावलं की कॅसेट लावायचा आणि बाजूला डफ घेऊन उभा राहायचा.

गेल्या वर्षी तो गेला. शोकसभा त्याच सभागृहात झाली. तात्या आता खूप थकलेत, त्यांना मी हाताला धरून नेलं. आम्ही मागच्या रांगेत बसलो. आमदारांचे प्रतिनिधी बोलले, प्राचार्य बोलले. मग सूत्रसंचालक म्हणाला की शाहिरांचा अजरामर चौथा चौक ऐकून आपण त्यांना निरोप देऊ, आणि त्यानं मोबाईल माईकला लावला.

ओळ गेली. झील झाली. तुणतुणं एकटं वाजलं. मग तो आवाज आला. समोर बसलेल्या एका बाईनं पदर डोळ्यांना लावला. प्राचार्य मान डोलवत होते. "असा आवाज," सूत्रसंचालक म्हणाला, "पुन्हा होणे नाही."

मग त्यानं सर्वांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायची विनंती केली. या वेळी उभं राहायला कुणाची हरकत नव्हती. मी उठलो, तात्यांना उठवलं. सगळं सभागृह माना खाली घालून उभं होतं.

तात्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला, तोंड कानाशी आणलं आणि कुजबुजले, "सदा, बरी चाललीया रं तुझी शोकसभा."